नाकात गेलेला प

चहा नाकातून आला. डाव्या नाकपुडीतून, गरम, साखरेसकट, आणि थेट खाकी सदऱ्याच्या खिशावर पडला. विश्वंभर बशी ओठाला लावून तसाच बसून राहिला. हिंगोली स्टँडच्या कंट्रोल रूममध्ये सकाळचं ऊन टेबलापर्यंत आलं होतं आणि त्या उन्हात खिशावरचा डाग निवांत पसरत होता. समोर कॅन्टीनचा कोंडीबा किटली धरून उभा. कोंडीबानं चहा पिणाऱ्यांचे सगळे नमुने पाहिलेले, बशीत ओतणारे, फुंकणारे, अर्धा पिऊन उरलेला सोबत्याला देणारे. पण तोंडानं घेऊन नाकानं वापस करणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं. साखर जास्ती झाली का, एवढंच त्यानं विचारलं. विश्वंभरनं खात्री करायला आणखी एक घोट घेतला. तो पण आला, जरासा निवून. काल संध्याकाळी दाढ काढली होती, वरची, डावी, मागची. तिच्या जागेवरून नाकापर्यंत आत कुठंतरी वाट पडली असावी. पन्नाशी उलटली तरी तोंड आणि नाक हे दोन वेगळे डेपो आहेत, एकाची गाडी दुसऱ्यात लागत नाही, असंच तो धरून चालला होता. आता जीभ वर नेली की जिथं दाढ होती तिथं एक मऊ, ओली, थोडी खारट पोकळी लागायची आणि जीभ पुढं काही सापडतं का म्हणून शोधत राहायची. रिकाम्या घरात माणूस आल्याआल्या सगळ्या खोल्यांत डोकावून येतं, तशी. घरात कोणी नाही हे माहीत असतं तरी.

तेवढ्यात परभणीची गाडी लागली. विश्वंभरनं खिसा रुमालानं झाकला, माईकचं बटण दाबलं आणि इतकी वर्षं जे म्हणत आला तेच म्हणाला. भोंग्यातून बाहेर पडलं ते असं: "मरवाशांनी कृमया लक्ष द्यावे. हिंगोली-मरमणी मस फलाटावर लागलेली आहे." आधी शेंगा विकणारी बाई हसली, मग रिक्षावाले, मग कॉलेजच्या पोरी तोंडावर ओढणी धरून. एक म्हातारी गाठोडं घेऊन गाडीच्या दारातून खाली उतरली. कंडक्टर समजावून थकला, पण ती म्हणे मला परभणीला जायचंय, ह्या मरमणीला माझं कोणी न्हाई. सरकारी माणूस भोंग्यातून बोलून राहिला तो काय खोटं बोलंल. विश्वंभरनं माईक बंद करून हळूच, एकट्यानं, म्हणून पाहिलं. ओठ बराबर मिटत होते, वारा बराबर साठत होता, आणि ओठ उघडायच्या आत तो वारा वरच्या भोकातून नाकात पसार होत होता. प गेला होता. ब गेला होता. दोघांच्या खुर्चीत म येऊन बसला होता. जिंतूर शाबूत होतं, औंढा, नांदेड, अकोला शाबूत. कळमनुरी तर पहिल्यापासून त्याच पार्टीची. पुसदचं मुसद झालं. स्वतःचं नाव म्हणून पाहिलं तर विश्वंमर असं आलं, त्यावर त्यानं जास्त विचार केला नाही. मग त्याला संध्याकाळची गाडी आठवली आणि त्यानं माईक शेजारच्या प्रेमदासकडं सरकवला. प्रेमदास तांड्यावरचा, कामाचा आणि मुळातच नाकात बोलणारा पोरगा, पण त्याच्या नाकात प होता.

संध्याकाळची गाडी पुण्याची. ती विश्वंभर नियमापेक्षा एकदा जास्ती पुकारायचा, काहून ते कोणी विचारलं नव्हतं. तिच्यातच बसून त्याची बायको, आशाबाई, नातीला सांभाळायला गेली होती. त्या वक्ताला त्यानंच भोंग्यातून सांगितलं होतं की पुण्याकडं जाणाऱ्या प्रवाशांनी गाडीत बसून घ्यावं, आणि ती बसली होती. पोराला, भागवतला, आणि सूनबाईला, पुनमला, दोघांनाही कंपनीत सुट्टी नव्हती. दोन महिन्यांचा सवाल होता. मग लेकरू पालथं पडलं की येते. मग बसायला लागलं की. मग दात येऊन राहिले, दाताच्या दिवसात लेकरू लई चिडतं, दात आले की येते. तिकडं नातीला दात येत गेले आणि इकडं आजोबाची दाढ हलायला लागली. एका घरात दात किती असावेत ह्याचा कोणीतरी वरून हिशोब ठेवत असावं. संध्याकाळी तो घरी यायचा, लाईट लावायचा, चिवड्याची पुडी फोडायचा आणि उभ्यानंच खायचा, कारण बसून खाल्लं की जेवण झाल्यासारखं वाटायचं आणि जेवण झाल्यासारखं वाटलं की ताट उचलणारं कोणी नाही हे दिसायचं. त्याच चिवड्यातला एक न भाजलेला शेंगदाणा, का खडा, दाढेखाली आला आणि कट्‌ झालं. तो आवाज घरात इतका मोठा वाटला की त्यानं वळून पाहिलं.

दातांच्या डॉक्टरनं, तो चार पाहुण्यांत एक शहाणा पोरगा असतो तसा होता, रूट कॅनल केलं. नस काढली. दाढ आता मेली, मेलेलं दुखत नाही, असं त्यानं हसून सांगितलं आणि वरून टोपी बसवली. दाढ काही काळ मेलेली राहिली. मग एका दुपारी, गाड्यांची गर्दी सरल्यावर, ती बोलायला लागली. ठणका नव्हता, हाक होती. दूरच्या वावरातून कोणीतरी नाव घेऊन हाक मारावी आणि वाऱ्यानं अर्धी खावी, तशी. विश्वंभरनं डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणे शक्यच नाही, तिच्यात नस राहिलीच नाही, तुम्हाला वाटतंय. वाटतंय तर वाटतंय. त्याला आतून बरंच काही वाटायचं ज्याच्यातली नस डॉक्टरी हिशोबानं निघालेली होती. लवंग झाली, तुरटी झाली, स्टँडवरच्या एका ड्रायव्हरनं तंबाखू दाबून धरायला सांगितली ती पण झाली. गाल सुजला तेव्हा डॉक्टरनं फोटो काढून मान्य केलं की खाली पू झालाय, काढावी लागंल. काढताना दाढ मोठी खोड निघाली. डॉक्टर घामानं भिजला, असिस्टंट पोरीनं विश्वंभरचं डोकं छातीशी धरून ठेवलं, आणि शेवटी झाडाच्या मुळाबरोबर मातीचा ढेकूळ यावा तसा दाढेबरोबर हाडाचा एक टवका आला. दोघांनीही तो पाहिला. डॉक्टरनं तो कापसाखाली सारला.

आता दुपारी परत त्याच खुर्चीत बसल्यावर डॉक्टरनं बोलायला सांगितलं. काय मोलू, असं विश्वंभरनं विचारलं आणि खुणेनं नाक दाखवलं. डॉक्टरनं आरसा घालून पाहिलं, हं हं केलं, आणि समजावून दिलं की वरच्या दाढेच्या डोक्यावर हाडात एक पोकळी असते, ती नाकाला जोडलेली असते, तिचा तळ दाढेबरोबर निघून आला. होतं असं कधी कधी. परवा नांदेडहून मोठे सर्जन येणार आहेत, ते हिरडी ओढून भोक शिवतील. तोपर्यंत थुंकायचं नाही, शिंकायचं तर तोंड उघडं ठेवून, नाक शिंकरायचं नाही, फुंकायचं नाही, ओढून प्यायचं नाही. बोलायचं कमी. विश्वंभरला म्हणायचं होतं की बाबा रे, बोलणं आधीच किती कमी झालंय ते तुला काय माहीत. पण त्याच्या तोंडून "मामा रे" एवढं निघालं आणि असिस्टंट पोरीनं तोंड फिरवलं. पोकळी, हा शब्द जिभेवर घेऊन तो घरी आला. म्हणजे डॉक्टरनं काही भोक पाडलं नव्हतं. पोकळी आधीचीच होती, जन्माची. दाढ नुसती तिच्यावर झाकण म्हणून बसली होती. ती होती तोवर काही कळलं नाही.

घरी आल्यावर तो पलंगाच्या काठावर बसला आणि आपल्याकडं काय काय उरलंय ते एकेक शब्द म्हणून पाहायला लागला, गावाला आग लागून गेल्यावर लोक भांडी शोधतात तसा. भाकर गेली होती. बाजार गेला. पीठ, पालक, बटाटा, सगळं स्वयंपाकघर म्हणायच्या लायकीचं राहिलं नाही. भागवतचं मागवत झालं, हे मात्र बराबर होतं. पोरगं पुण्यात बसून सगळं मागवतच होतं, किराणा मागवायचं, औषध मागवायचं, आणि आई मागवली होती. पुनमची मुनम झाली. मग भीत भीत तो तिच्या नावाशी आला. आणि थांबला. तिच्या नावात प नव्हता, ब नव्हता, ओठाला ओठ लागायचं कामच नव्हतं. दोन अक्षरं, नुसता श्वास आणि जीभ. ते आख्खं शाबूत होतं. पण ते त्यानं उभ्या जन्मात एकदाच घेतलं होतं, हट्टा गावात, लग्नाच्या मांडवात, बायकांनी दार अडवून उखाण्याशिवाय आत सोडेनात म्हणून. नंतर ऐकलं का. नंतर ए. नंतर भागवतची माय. त्याच्या गावात बायकोला नावानं हाक मारणारा माणूस एक तर शिकलेला असतो नाहीतर पिलेला. आताही भिंतीसमोर, कोणी ऐकायला नसताना, त्याला ते म्हणायची लाज वाटली. तोंड उघडलं, जीभ वर गेली, पोकळीला लागली, आणि खाली आली.

सिद्धेश्वरचं धरण भरल्यावर दारं उघडली की लोक पाहायला जायचे. लग्न नवं होतं तेव्हा तोही तिला घेऊन गेला होता, पासावर, फुकटात. पाण्याचा धूर उडत होता, दोघांचे कपडे ओले झाले होते आणि आवाज इतका होता की एकमेकांचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तिनं वाटेत घेतलेल्या ओल्या शेंगा पदरात होत्या. ती शेंग दातानं फोडायची, दाणे काढायची आणि त्याच्या हातावर ठेवायची. त्याचे दात तेव्हापासूनच कच्चे. ती काहीतरी बोलत होती. बराच वेळ बोलली. त्याला काहीच ऐकू आलं नाही आणि त्यानं मान हलवली, व्हय व्हय म्हणून. त्या दिवशी ती काय बोलली हे त्यानं नंतर कधी विचारलं नाही. आता इतक्या वर्षांनी, सुजलेला गाल हातात धरून, त्याला ते ऐकायचं होतं. जसं तहान लागते तसं. पाणी समोर असतं आणि ते प्यायचं कसं हाच प्रश्न असतो.

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. रोज यायचा. रोज पडद्यावर पहिल्यांदा नातीचा गाल यायचा, मग छत, मग नातीची मूठ, मग कोपऱ्यात कुठंतरी आशाबाईचा अर्धा चेहरा. बोलणं ठरलेलं. जेवलात का. जेवलो. गोळी घेतली का. घेतली. मग लेकराला, म्हण आजोबाला टाटा. त्या दिवशी लेकराला आजोबाचा एका अंगाला फुगलेला चेहरा भलताच आवडला आणि ते पडद्यावर थापा मारायला लागलं. आशाबाईनं फोन लांब धरला. गालाला काय झालं वो, असं विचारलं. काही न्हाई, तो म्हणाला, आणि ते स्वच्छ आलं. मागून सूनबाई कोणाशी तरी इंग्रजीत मीटिंग करून राहिली होती, कुकरची शिट्टी झाली, आशाबाईनं तिकडं मान वळवली. तिच्या मानेला, कानाच्या मागं, एक पांढरी बट सुटली होती जी तिथं आधी नव्हती. इथं असती तर ती कधी पांढरी झाली हे त्याला दिसलं असतं. एवढंच झालं, दुसरं काही नाही. त्यानं फोन तोंडाजवळ आणला आणि म्हणाला,

"मरत ये."

पडदा अडकला. आशाबाईचा चेहरा अर्ध्यावर थांबला, तोंड थोडं उघडं, डोळे त्याच्याकडं. मग पडदा काळा झाला आणि त्यात त्याचा स्वतःचा फुगलेला गाल दिसायला लागला. आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. कानानं प ऐकला होता, इतक्या वर्षांची सवय. तो नंबर लावायला गेला तेवढ्यात तिकडूनच भागवतचा फोन आला. पोराचा आवाज पातळ झाला होता. बाबा, काय होऊन राहिलं तुम्हाला, आई म्हणते तुमी मरतोय म्हणले. विश्वंभरनं सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगायचा प्रयत्न केला. तसं न्हाई रे, मरत म्हणलो, मरत. ये म्हणलो. ऐक, म न्हाई, म. पलीकडं भागवत रडायच्या बेतात आला, बाबा असं नका बोलू, म्हणाला. पुनमनं फोन घेतला आणि छातीत दुखतंय का, डावा हात जड झालाय का, असं भराभर विचारलं. सूनबाई हुशार. डावीकडं दुखतंय का ह्याला विश्वंभर इमानदारीत व्हय म्हणाला. झालं. तिच्या आईला नातीसाठी बदलीवर बोलावून घेतलं आणि मिळाल्या गाडीत आशाबाईला बसवून दिलं.

सकाळी प्रेमदासनं पुण्याहून आलेली गाडी पुकारली तेव्हा विश्वंभर खिडकीशी उभा होता. रात्री तो झोपला नव्हता, पण दाढेनं नाही. ती येऊन राहिली ह्याचा आनंद छातीत यायचा आणि लगेच त्याला आडवा विचार लागायचा, की ती येऊन राहिली ती मरणाला. आपल्याला नाही. मयतीला सगळेच येतात. सोयरे येतात, भाऊबंद येतात, ज्यांनी जन्मात तोंड दाखवलं नाही ते येतात, आणि मयताला त्याचा काय फायदा. आता ती उतरंल आणि आपल्याला उभं पाहील. तिच्या चेहऱ्यावर काय येईल? फुकट आले, असं येईल का? त्यानं जरा वाकून, खिडकीचा गज धरून उभं राहून पाहिलं, थोडं तरी मरणासारखं दिसावं म्हणून, आणि स्वतःचीच लाज वाटून सरळ झाला. आशाबाई उतरली. हातात पिशवी, पदर डोक्यावरून, पाय सुजलेले. तिनं सगळ्या स्टँडवर नजर फिरवली नाही, सरळ कंट्रोल रूमच्या खिडकीकडं पाहिलं. त्याला उभं पाहून ती दचकली नाही. रडली नाही. हायसं वाटल्यासारखं पण काही केलं नाही. जवळ आली, गाल पाहिला, एका बोटानं हलकेच दाबून पाहिला, पपई पिकली का पाहतात तसा, आणि म्हणाली, "चला घरी."

नांदेडच्या सर्जननं हिरडी ओढून भोक शिवलं. एका टोकाला बारीक फट राहिली, ती हळूहळू मांस धरील, तोवर आवाज तसाच राहील, असं तो म्हणाला आणि आधीच्याच सगळ्या मनाया पुन्हा सांगितल्या. आशाबाईनं त्या पाठ करून घेतल्या. पुढचे दिवस घरात काय होतं ते विश्वंभरला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, काहीच नव्हतं. सकाळी चूल नाही पण गॅसचा तो फुस्स आवाज आणि लगेच बांगड्यांचा. ज्वारीच्या कण्या शिजल्याचा वास. दुधात कुस्करलेली भाकर, तिची बोटं वाटीत फिरताना होणारा मऊ आवाज. झाडलेल्या फरशीचा पायाला लागणारा गारवा. तो बसून जेवायला लागला. तहान लागली की माणी दे म्हणायचा आणि ती एकटीच हसायची, तोंडात पदर धरून, कितीदाही म्हणलं तरी तितकंच. माणी म्हणजे डबा असं धरून, मंग कोणता डबा देऊ, पत्र्याचा का स्टीलचा, असं मुद्दाम विचारायची, म्हणजे तो आणखी बोलील. शेजारची जनकाबाई दोनदा तब्येतीच्या चौकशीला आली ती खरं तर मरमणी ऐकायला. आणि तरी त्याला आतून चैन नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली की तो कान देऊन बसायचा, पिशवी भरल्याचा आवाज येतो का. रोज संध्याकाळी भागवतचा फोन यायचा, बाबा कसे आहेत, तिकीट कधीचं काढू. पुनमची आई तिकडं कंटाळली होती, तिची भिशी, तिचे गुडघे, तिचा गुरुवार. आशाबाई सांगायची, अजून न्हाई, अजून बोलणं बराबर न्हाई. म्हणजे ठरलेलं होतं. बोलणं बराबर झालं की गाडी.

रोज सकाळी जीभ वर जायची आणि पोकळी जरा लहान झालेली सापडायची. बरं होणं त्याला कळत होतं, उन्हाळ्यात आड आटतो तसं, एकेक हात. भीती वाटायची. एकदा दुपारी तिनं मिरचीची फोडणी दिली आणि ठसका घरभर झाला. त्याला शिंक आली. नाकाच्या मुळाशी येऊन थांबली, डोळ्यात पाणी आणलं. तोंड मिटून सोडली तर टाके तटकन तुटतील, नांदेडचा माणूस पुन्हा यावा लागंल, फट पुन्हा मोठी होईल, महिनाभर तरी. इतकं सगळं त्या एका क्षणात त्याला दिसलं, आणि ओठ मिटले. तोच स्वयंपाकघरातून ती ओरडली, तोंड उघडं ठेवा, आणि ते उघडलं. तीस वर्षांची सवय. शिंक मोकळी गेली. टाके शाबूत. मग दिवसभर तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. तिला आपण बरं झालेलं पाहिजे. लवकर बरं झालेलं पाहिजे. साहजिक आहे, तिकडं लेकरू आहे, दोन हातांनी गळा धरणारं. आपण तिचा गळा कधी धरला? आपण मान हलवत आलो, व्हय व्हय, आणि पाण्याचा आवाज. रात्रीच्या जेवणात तिनं विचारलं की काहून तोंड पाडून बसले, दुखून राहिलं का. तो न्हाई म्हणाला. तिला त्यानं विचारायचं ठरवलं होतं, की फोनवर तू काय ऐकलं. पण उत्तर त्याला माहीत होतं आणि ते तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

मग एका संध्याकाळी ती तुरीची डाळ निवडत बसली होती आणि तो समोर जेवत होता. त्या दिवशी तिनं पहिल्यांदाच न कुस्करता भाकर वाढली होती, कडेची, कडक, ठेच्यासंगट. त्यानं चावली. पापुद्रा घशाशी अडकला, ठेचा लागला, आणि डोळ्यात पाणी येऊन तो सरळ बोलून गेला,

"पाणी दे."

डाळीवरचा तिचा हात थांबला. ते अक्षर खोलीत उभं होतं, कोरं, दोन्ही ओठांतून फुटलेलं, लहान फटाक्यासारखं. विश्वंभरला ते परत तोंडात घेता आलं असतं तर त्यानं घेतलं असतं, गिळलं असतं, नाकातून सोडलं असतं. आशाबाईनं वर पाहिलं. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. तिनं हात पदराला पुसले, फोन उचलला आणि ऐकत राहिली. भागवतचा आवाज बाहेर येत होता, शब्द कळत नव्हते, पण तिकीट एवढं कळलं. ती ऐकत होती आणि त्याच्याकडं पाहत होती, त्याच्या तोंडाकडं, जशी काही ती त्यात आणखी काय काय शाबूत आहे ते मोजून राहिली होती.

"न्हाई रे बाप्पा," ती फोनात म्हणाली. "अजून कुठं. आत्ताच माणी दे म्हणून राहिले."

पलीकडं भागवत बराच वेळ काहीतरी म्हणत राहिला. ती हं हं करत राहिली, लेकराला ताकभात देत जा म्हणाली, पुनमच्या आईला गुडघ्याला तेल लावायला सांग म्हणाली, आणि फोन ठेवला. उठून माठाकडं गेली. तिची पाठ त्याच्याकडं होती आणि कानामागची ती बट तशीच सुटलेली.

"त्या दिवशी तू काय ऐकलं?" त्यानं विचारलं.

"परत ये म्हणले," ती न वळता म्हणाली. "दुसरं काय. तुमचं बोलणं काय मी आज ऐकून राहिले?"

"मंग पोराला मरतोय म्हणून काहून सांगितलं?"

माठात ग्लास बुडाल्याचा आवाज झाला. ती आली, ग्लास त्याच्या हातात दिला आणि तो त्याच्या हातात नीट बसेपर्यंत तिनं आपली बोटं काढली नाहीत.

"बोलावलं म्हणून सांगितलं असतं तर मला कोणी सोडलं असतं का," ती म्हणाली. "प्या. आन् भागवतचा फोन आला की माणीच म्हणत जा. जमंल तवर."